सरळ जाणारी चकती आणि शनिवारची सहाची पाळी

"ही चकती सरळ जाते," असं दुकानदार म्हणाला, तेव्हाच मी उलट्या पावली घरी यायला हवं होतं. आमच्या गावात सरळ जाणारी शेवटची गोष्ट म्हणजे आगगाडी, आणि ती बंद पडूनही बरीच वर्षं झाली. बाकी सगळं तळ्याला वळसा घालून जातं. मी स्वतः भूमापन खात्यात होतो, म्हणजे कागदावर सरळ रेषा ओढायचा पगार खाल्ला. कागदाबाहेर मात्र याला एकही रेषा सरळ ओढता येत नाही, असं माइरे, म्हणजे माझी बायको, चारचौघांत सांगायची. आमच्या घरातल्या फळ्या बघितल्या की पाहुण्यांनाही ते पटायचं.

तर मी, इल्पो, पेन्शनर, एक गुडघा कामातून गेलेला, ऑक्टोबरातल्या त्या रिपरिपत्या पावसात फ्रिस्बी-गोल्फच्या, म्हणजे टोपलीत चकत्या फेकायच्या खेळाच्या, दुकानात का उभा होतो, ते सांगतो. कारण एकच. शनिवारची सहाची पाळी.

आमच्या सोसायटीच्या तळघरात सौना आहे, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची लाकडी खोली. प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास, आणि पाळ्यांचा तक्ता जिन्याखाली लावलेला. इथे फ्लॅट घेणारा माणूस खिडकीतून काय दिसतं ते नंतर विचारतो, पाळी कुठली मिळेल ते आधी विचारतो. त्यात शनिवारची सहाची म्हणजे सिंहासन. पाच वाजता दगड अजून तापायचे असतात, आठनंतर आधीच्या लोकांचा घामट ओलावा भिंतींना असतो. सहाला मात्र पळीभर पाणी टाकलं की दगड असा काही सुस्कारा टाकतात, की माणसाला आठवड्यातली सगळी भांडणं विसरायला होतात.

ही पाळी माझी आणि माइरेची. मी आधी बाहेर यायचो, ती मागून. तिला वरच्या बाकावरून उठवणं हे एक स्वतंत्र काम होतं. सातवाले टॉवेल घेऊन बाहेर उभे, आणि मी अर्धवट कपड्यांत दारावर टकटक करतोय, "आवर गं, सातवाले आले." आतून उत्तर यायचं नाही. दगडांवर आणखी एक पळी पाणी पडल्याचा आवाज यायचा.

माइरे मार्चमध्ये गेली. पाळी राहिली. मी दर शनिवारी जात होतो आणि सातच्या आधीच बाहेर येत होतो, कुणाला उठवायचं नव्हतं.

ऑगस्टात पलीकडच्या जिन्याला एक नवीन कुटुंब आलं. येरे, त्याची बायको तूली आणि एक तान्हं बाळ. त्यांच्या वाट्याला मंगळवारची रात्रीची शेवटची पाळी आली, म्हणजे बाळाच्या झोपेच्या नावानं चांगभलं. त्यांनी शनिवारी लवकरची पाळी मागितली. सोसायटीच्या मीटिंगला येरे एकटाच आला होता. अध्यक्ष ओर्वोक्कीबाई. त्या आयकर खात्यातून निवृत्त झाल्या, आयकर खातं त्यांच्यातून अजून निवृत्त व्हायचंय. त्यांनी चष्मा पुसला आणि एक जुना नियम वाचून दाखवला की, एकट्या राहणाऱ्या सभासदांनी शक्यतो गुरुवारच्या सामायिक पाळीला यावं. नाव कुणाचंच घेतलं नाही. सगळे टेबलाकडे बघत बसले.

मी म्हणालो, "मी एकटा नाही."

तोंडातून निघून गेलं. शांतता पसरली. आमच्या मीटिंगमध्ये शांतता असणं ही काही बातमी नव्हे, पण या वेळी कुणी कप बशीत ठेवायलाही धजेना. येरे बिचारा नवीन, त्याला वाटलं की खरंच एकटा नसेन. त्याची समजूत दुरुस्त करायला कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलणं हे आमच्याकडे सहसा दुसऱ्यावर सोपवतात.

शेवटी तैस्तो उठला. तैस्तो माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो, आणि त्या उपायावरचा उपाय मला शोधावा लागतो. आदल्या वर्षी त्यानंच मागे लागून अंगणात ती लोखंडी टोपली बसवून घेतली होती, वरून साखळ्या लोंबणारी, जिच्यात चकती फेकायची असते. तो म्हणाला, वाद कशाला? शरदातल्या श्रमदानाच्या दिवशी दोन्ही घरांनी टोपलीत चकत्या टाकाव्यात. जो जिंकेल त्याची पाळी.

कुठल्याही शहाण्या गावात यावर लोक हसले असते. आमच्याकडे कुणीच काही बोललं नाही. ओर्वोक्कीबाईंनी सगळ्यांकडे बघितलं, विरोध नाही असं धरलं, आणि ठराव मंजूर झाला. विरोध करायचा तर मलाही बोलावं लागलं असतं, आणि त्या दिवशीचा माझा बोलण्याचा साठा आधीच संपला होता. अशा रीतीनं मी माझी पाळी गप्प बसून पणाला लावली.

म्हणून दुकान. दुकानदारानं विचारलं, खेळाडू म्हणून तुमची पातळी काय? या वयात परक्या माणसानं आपली पातळी काढावी, हा अपमान गिळून मी 'मध्यम' म्हणालो. त्यानं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे, आणि नवशिक्यांच्या कपाटाकडे वळला. तिथून त्यानं एक पांढरी चकती काढली. हिला पटर म्हणतात, टोपलीच्या जवळून टाकायची, हिला फार जोर लागत नाही.

"नवशिक्याच्या हातात ही जरा वर उठते, दमते आणि डावीकडे पडते," तो म्हणाला. "रोज खेळणाऱ्याच्या हातात सरळ जाते आणि शेवटी किंचित डावीकडे बसते. कसलेला माणूस असेल, तर कितीही जोरात टाकू दे, ही रेषा सोडत नाही. जाते सगळ्यांच्याच हातून सरळ. किती वेळ सरळ जाते, एवढाच काय तो फरक."

हे सगळं त्यानं चकतीबद्दल सांगितलं, असं मी धरून चाललो.

मग त्यानं एक जाड पेन दिलं. खाली नाव आणि फोन नंबर लिहा, म्हणाला. आमच्याकडे सगळेच लिहितात. जंगलात चकती हरवली आणि कुणाला सापडली की तो फोन करतो. मी लिहिलं. घरी आल्यावर टेबलावर चकती उलटी ठेवली, तेव्हा लक्षात आलं की नंबर माझा नाही. माइरेचा आहे.

यात आश्चर्य काही नाही. स्वतःच्या नंबराला माणूस कधी फोन करतो? माइरेच्या नंबराला मी प्रत्येक दुकानातून फोन केलाय. दूध कुठलं आणू, स्क्रू केवढा हवा, राय धान्याचा काळा पाव घेऊ की लांबडा. दुकानात हाताला पेन मिळालं आणि हात आपला सवयीनं चालला. मी स्पिरिटनं घासून पाहिलं, मग भांड्याच्या काथ्यानं. शाई पक्की होती. म्हटलं असू दे. चकती सरळ जाते, हरवणार कशाला?

माइरेचा फोन स्वयंपाकघरातल्या खणात होता. चालू होता. कनेक्शन बंद करायला कंपनीनं वारसांचे कागद मागितले होते. ते कागद करायला बँकेचा दाखला हवा होता, आणि बँकेला आधी ते कागद हवे होते. त्यामुळे ते काम जिथल्या तिथे होतं. तोवर मी तो फोन दर रविवारी चार्ज करत होतो. का, ते मला विचारू नका.

सरावाला सुरुवात केली. अंगणात उभा राहिलो तर प्रत्येक खिडकीचा पडदा बोटभर सरकला. पहिलीच फेक डावीकडे, रोवनच्या झाडात, लाल बेऱ्यांचा सडा. दुसरी डावीकडे, कचऱ्याच्या पेट्यांमागे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी बाल्कनीतून मला कोपर खाली ठेवायला सांगितलं. पेट्यांशी आलेल्या एका गृहस्थांनी कोपर वर ठेवायला सांगितलं. दोघंही जन्मात खेळलेले नव्हते, पण खेळात सल्ल्याची पातळी कुणी विचारत नाही. मग तैस्तो खाली आला. त्यानं माझ्या हातून चकती घेतली, एक डोळा मिटला आणि फेकली. ती सरळ गेली, शेवटी किंचित डावीकडे झुकली आणि टोपलीच्या काठाला लागून पडली. दुकानदार म्हणाला होता अगदी तसंच.

"बघ, चकतीत काही दोष नाही," तैस्तो म्हणाला. "नाचता येईना, अंगण वाकडं."

अंगण खरोखरच वाकडं आहे. मोजणी मीच केली होती. पण त्या वेळी ते सांगण्यात अर्थ नव्हता.

चौथ्या दिवशी चकती सायकलींच्या शेडवर जाऊन पडली. छपरावर चढायचं तर सोसायटीच्या मॅनेजरची परवानगी लागते. मॅनेजर स्पेनला गेलेला. मी रीतसर मेल केली, तर उत्तर आलं की ते सुट्टीवर आहेत, तातडीचं असेल तर याच पत्त्यावर पुन्हा लिहा. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं, या वेळी उन्हाच्या शुभेच्छांसह. तैस्तो म्हणाला, परवानगी काय करायची, शिडी आहे माझ्याकडे. शिडी होती, तिची एक पायरी नव्हती, आणि हे तैस्तोला मी वर चढल्यावर आठवलं. चकती मिळाली. माइरेनं मला घेतलेली शेवटची पँट मात्र गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली. त्या रात्री मी ती सुईदोरा घेऊन शिवायला बसलो आणि चक्क रडलो. शिवण वाकडी आली.

अंगणात शोभा नको म्हणून मी जंगलातल्या मैदानावर जाऊ लागलो. तिथे संध्याकाळी लवकर काळोख आणि ओल्या शेवाळ्याचा वास, शिवाय बघायला कुणी नाही. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी चकती हातातून सुटली, वर उठली, दमली, डावीकडे वळली आणि ब्लूबेरीच्या झुडपांत शिरली ती शिरलीच. मी गुडघ्यावर बसून शोधली. अंधार इतका झाला की शेवटी मला मीच सापडेना. हात हलवत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, कॉफी ओतत होतो आणि स्वयंपाकघरातला खण वाजायला लागला.

मार्चपासून तो फोन वाजला नव्हता. तिची बहीण राकेलसुद्धा आता माझ्याच फोनवर करते. कॉफी कपात मावेना, बशीत आली, मग टेबलावर. फोन वाजत राहिला आणि थांबला. मला माहीत होतं की कुणाला तरी चकती सापडली असणार. डोक्याला माहीत होतं. पण माइरेचा फोन उचलून "हॅलो" म्हणायचं, म्हणजे तो फोन माझा झाला. मी खण उघडला नाही. संध्याकाळी तो परत वाजला. मी बाहेर जाऊन पावसात उभा राहिलो.

गुरुवारी दारावरची बेल वाजली. तूली होती, पोटाशी बाळ बांधलेलं, हातात माझी चकती.

"झुडपात सापडली," ती म्हणाली. "खाली तुमचंच आडनाव, म्हणून आणली. तुमच्या मिसेसना दोनदा फोन केला होता. पण त्या सौनात होत्या."

मी म्हणालो, "कुठे?"

"सौनात. मेसेज तसा लागला ना. बाहेर आल्या की करतील असं वाटलं होतं." बुधवारी दुपारी एक आणि संध्याकाळी पुन्हा एक सौना, म्हणजे बाईला केवढी हौस, असं कौतुक तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी चकती घेतली आणि मान हलवली.

जाता जाता ती वळली. "रागावू नका हं, आणण्याआधी दोनचारदा टाकून बघितली. छान आहे, अगदी सरळ जाते." मग तिनं सांगितलं की बाळ होण्याआधी ती स्पर्धांमधून खेळायची, आणि श्रमदानाला येरे नाही, तीच टाकणार आहे.

दार लावून मी तिथेच स्टुलावर बसलो. तो मेसेज मी कधी ऐकलाच नव्हता. मी केलेला फोन माइरे नेहमी उचलायची. राकेल मात्र शनिवारी नेमकी सहा वाजता फोन करायची आणि मग 'उचलला का नाही' म्हणून रुसायची. तिच्यासाठीच माइरेनं तो कधीतरी भरून ठेवला असणार, आणि राकेलचा फोन यायचा तेव्हा मी तर माइरेबरोबर वरच्या बाकावर. मला तो ऐकायचा होता, आणि ऐकायची छाती नव्हती. एवढं मात्र मनात पक्कं बसलं की माइरे सौनात आहे, असं कुणीतरी अजून सांगतंय, आणि ती सौनाची वेळ शनिवारी सहाची आहे. आता मला ती पाळी कुठल्याही परिस्थितीत हरायची नव्हती.

श्रमदानाचा दिवस पावसानं साजरा केला. सगळ्यांनी मिळून पानं ओढायची, गटारं मोकळी करायची, मग वाटाण्याचं सूप आणि भाजलेले सॉसेज, असा बेत दरवर्षी असतो. पानं इतकी भिजली होती की ओढायला गेलं तर जमीनच सोबत यायची. दुपारी ओर्वोक्कीबाईंनी सगळ्यांना टोपलीभोवती उभं केलं आणि निःपक्षपातीपणाची कमाल म्हणून एक नवीन नियम काढला. दोघांनी एकाच चकतीनं खेळायचं. माझ्या. तीन तीन फेका, आळीपाळीनं.

मी पहिली टाकली. ती डावीकडे गेली आणि सुपाच्या पातेल्याच्या झाकणावर वाजली. तूलीनं बाळ पोटाशी तसंच ठेवून टाकली. सरळ गेली, साखळ्यांना लागली, पण टोपलीनं ती बाहेर थुंकली. कसलेल्यांच्याही बाबतीत असं होतं, असं तैस्तोनं माझ्या कानात सांगितलं, जणू हा माझा विजय होता. माझी दुसरी वर उठली, दमली, चिखलात बसली. तूलीची दुसरी आत. मग माझी तिसरी. कोपराचं काय करायचं ते त्या क्षणी मी विसरलो, दोन्ही सल्ले विसरलो, आणि हातातून चकती नुसती सुटली. ती सरळ गेली. अहो, शेवटपर्यंत सरळ गेली. साखळ्या खळाळल्या आणि ती आत पडली. मला वाटलं माइरेनं बघायला हवं होतं. तिला खरं वाटलं नसतं.

बरोबरी. तूलीची एक फेक राहिली होती. टोपलीतून तिनं चकती काढली, बाह्यांनी चिखल पुसला, उलटी केली आणि खालचा नंबर वाचून सहज इकडे तिकडे पाहिलं.

"माइरे नाही आल्या बघायला? त्यांचा फोनही आला नाही परत."

तैस्तोनं बुटांकडे पाहिलं, ओर्वोक्कीबाईंनी चष्मा काढला. आता हे सांगणं दुसऱ्या कुणावर सोपवता येणार नाही, हे मला कळलं.

"माइरे मार्चमध्ये वारली," मी म्हणालो. तो शब्द मी तोवर कुणासमोर उच्चारला नव्हता.

तूलीचा चेहरा पांढरा पडला. तिनं येरेकडे पाहिलं, मग हातातल्या चकतीकडे, आणि तिचं मनगट सैल पडलं. ती आता काय करणार ते मला दिसलं. ती हळूच टोपलीच्या बाजूला टाकणार, सगळे समजून घेणार, आणि जन्मभर दर शनिवारी मी लोकांच्या दयेवर पाणी शिंपडत बसणार.

"मुद्दाम चुकवू नकोस," मी म्हणालो. "ही चकती सरळ जाते. चुकवलीस तर सगळ्यांना कळेल."

तिनं मान हलवली, बाळ येरेकडे दिलं आणि टाकली. एवढ्या पावसात, एवढ्या वाऱ्यात त्या चकतीनं रेषा म्हणून सोडली नाही. साखळ्या वाजल्या. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सॉसेज करपले होते. तैस्तोनं त्यातला कमी करपलेला, मोहरी लावून, माझ्या हातात दिला आणि म्हणाला की गुरुवारी तोही असतो, एकटं वाटणार नाही. सांत्वन म्हणावं तर ती धमकीही होती.

नवीन पाळी लागू झाली तो शनिवार मृतांच्या स्मरणाचा होता. दुपारी दफनभूमीत गेलो, मेणबत्ती लावली, वाऱ्यानं विझवली, पुन्हा लावली. घरी येऊन स्वयंपाकघरात बसलो. माझं घर तळमजल्यावर, सौना बरोबर खाली. सहा वाजले तसं नळातून पाणी गेल्याचं ऐकू आलं, मग दगडांचा तो सुस्कारा, मग बाळाचं हसणं. इतकं हसू त्या भिंतींनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, हे मला मान्य करावंच लागलं. चकती टेबलावर उलटी पडली होती.

मी माझा फोन घेतला आणि तिच्या नंबराला लावला. खणात फोन वाजला. मी वाजू दिला. बराच वेळ वाजून तो थांबला आणि माझ्या कानात माइरे बोलली, घाईत असायची तशी.

"माइरे बोलतेय. मी सौनात आहे. बाहेर आले की फोन करते."

मग एक बारीकशी पिप वाजली, म्हणजे आता मी काहीतरी बोलायचं होतं. खाली कुणीतरी दगडांवर पळीभर पाणी टाकलं.

"सावकाश ये गं," मी म्हणालो. "सातवाल्यांना मी सांगतो."